गच्ची गळतेय? आधी पाणी कुठे साचतं ते बघा

छताला ओल दिसली की आपण वर जाऊन बरोब्बर त्याच जागी डांबर फासतो. पण पाणी कोब्याखालून वाट काढत कुठूनही कुठे उतरतं! मुरतं ते बहुतेकदा पाइपाच्या तोंडाशी, नाहीतर कठड्याच्या कोपऱ्यात, जिथली वाटा (सिमेंटची गोलाई) तडकलेली असते.

आपल्याकडचा जुना, भरवशाचा उपाय म्हणजे ब्रिकबॅट कोबा: विटांचे तुकडे मसाल्यात बसवून पाइपाकडे उतार द्यायचा, १० फुटांना साधारण सव्वा इंच. चार इंची कोब्याचं वजन दर चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास भरतं. म्हणून जुन्यावर नवा थर चढवू नका, जुना फोडूनच काढा. मिस्त्री कुरकुरेल, कुरकुरू दे.

खालून प्लॅस्टर फुगून गंजकी सळई दिसत असेल, तर मात्र आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो आणि काँक्रीट आतून फोडतो. वरचा केमिकल कोट तिथे काय करणार? ओल्या स्लॅबवर तर त्याचे फोडच येतात.

काम एप्रिलमध्ये उरका. शेवटी पाइप बंद करून गच्चीत पाणी भरा, किमान ४८ तास ठेवा. मिस्त्रीचा शेवटचा हप्ता त्यानंतरच.