शाळेच्या बाई, घरातल्या थोरल्या

प्राथमिक शाळेतल्या बाई गेल्या की त्यांच्यावरच्या लेखांत ‘मातृतुल्य’ आणि ‘वात्सल्यमूर्ती’ हे दोन शब्द हमखास येतात. त्यांनी कसं शिकवलं, त्यांच्या पगारावर कुणाकुणाची शिक्षणं आणि लग्नं पार पडली, याचा मात्र पत्ता नसतो. आपल्याकडे शाळेत आणि घरातही थोरल्या ठरलेल्या कितीतरी बाईंना घर आयतं मिळालेलं नव्हतं. ते त्यांना उभं करावं लागलं.

सुरुवात सावित्रीबाईंपासूनच करावी लागते. १८४८ साली भिडेवाड्यात भरलेली शाळा सगळ्यांना ठाऊक असते, पण फुल्यांच्या घरातल्या सावित्रीबाई फारशा कुणी पाहिलेल्या नसतात. पोटी मूल नाही. काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत हा जोतीराव आणि सावित्रीबाईंनी दत्तक घेतला आणि डॉक्टर केला. त्याच्या लग्नाला पुरोहित नव्हता. २८ नोव्हेंबर १८९० ला जोतीराव गेले. दत्तक मुलाने अंत्ययात्रेपुढचं टिटवं (विस्तवाचं मडकं) धरायला भाऊबंदांनी हरकत घेतली, तेव्हा सावित्रीबाईंनी ते स्वतः हातात घेतलं आणि अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या. घराचं कर्तेपण कुणाकडे, हा वाद तिथेच मिटला. पुढे १८९७ च्या प्लेगात यशवंतने हडपसरजवळ दवाखाना उघडला. आजारी माणसं तिथवर पोचवता पोचवता बाईंनाच प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या.

त्यानंतर आली ती ‘फायनल’ पास झालेल्या बायकांची पिढी. मराठी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल दिली, ट्रेनिंग केलं, की मास्तरणीची नोकरी. यांत बालविधवा पुष्कळ. ज्या माहेराने त्यांचे केस कापले, त्याच माहेरच्या भाचरांच्या फिया पुढे यांनी भरल्या. घरातली पोरंही त्यांना आत्या किंवा मावशी न म्हणता ‘बाई’च म्हणत.

अनुताई वाघ याच वाटेने आल्या. जन्म १९१०, तेराव्या वर्षी लग्न, काही महिन्यांतच वैधव्य. फायनल, ट्रेनिंग, नाशिक जिल्ह्यात नोकरी, मग पुण्याची हुजूरपागा शाळा. मॅट्रिक नोकरी सांभाळून, आणि बी.ए. पन्नाशीच्या सुमाराला. १९४५ साली त्या ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला गेल्या. ताराबाईंचा संसार मोडलेला. राजकोटची चांगली नोकरी सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांकडे बालशिक्षण शिकल्या होत्या.

बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर दोघींना कळून चुकलं की वारली आदिवासींची पोरं शाळेत येणार नाहीत, शाळेलाच त्यांच्या पाड्यावर जावं लागेल. म्हणून झोपडीपुढच्या अंगणात बालवाडी भरली. आधी तोंड धुणं, नखं कापणं, केस विंचरणं, मग गाणी. माँटेसरीची महागडी साधनं आणणार कुठून? शंख-शिंपले, चिंचोके, गारगोट्या, पानं यांवर मोजणी आणि रंगओळख चाले. गुरांमागे जाणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा निघाली: गुरं चरतायत आणि झाडाखाली वर्ग भरलाय. याला नुसती माया म्हणणं मला तरी पटत नाही. मूल घरी का राहतं, धाकटं भावंड कोण सांभाळतं, याचा हिशेब त्यात आहे. म्हणूनच तिथे बालवाडीला लागून पाळणाघर होतं.

१९७३ मध्ये ताराबाई गेल्यावर टेकडीवरच्या त्या गोतावळ्याच्या थोरल्या अनुताईच झाल्या, त्या १९९२ मध्ये जाईपर्यंत. कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी ‘सृजन आनंद’ ही शाळा उभी करून हाच धागा शहरी मुलांसाठी पुढे नेला. 

१९७५ मध्ये केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना आणली आणि अंगणात भरणाऱ्या अशा बालवाडीसारखीच अंगणवाडी देशभर गेली. तिथे शिकवणाऱ्या बायकांना सरकार आजही पगार देत नाही; देतं ते मानधन.