खुराडं गच्च बांधू नका!

निफाडकडे पहाटे पारा दहाच्या खाली उतरला, की लोक खुराडं चहूबाजूंनी प्लास्टिकनं बांधून टाकतात. कृपा करून तसं करू नका! कोंबडीच्या अंगात 41 अंशांची ऊब असते. आमची गावरान तलंग पहाटे पिसं फुलवून, एक पाय पोटाशी घेऊन उभी असते. तीच तिची गोधडी. थंडीपेक्षा तिला ओल बाधते. कोंदट खुराड्यात विष्ठेचा अमोनिया साठतो, डोळे चुरचुरतात, सर्दी धरते. वाऱ्याच्या बाजूला गोणपाट लावा, पण छपराखालची फट उघडी ठेवा. खाली चार-पाच इंच भाताचं तूस. मूठभर घेऊन दाबा. गोळा झाला तर लगेच बदला. संध्याकाळी भरडलेला मका, सकाळी कोमट पाणी. अंडी घटली तर घाबरू नका, दिवस लहान झालाय.