अळीच्या डोक्यातून उगवणारी ‘जडी’

मे महिना उजाडला, की उत्तराखंडातील पिथौरागड आणि चमोली जिल्ह्यांच्या उंच गावांत अनेक घरांना कुलपे लागतात. माणसे हिमरेषेजवळच्या कुरणांवर तंबू ठोकतात आणि दिवसभर ओणवी होऊन, रांगत गवत न्याहाळतात. शोध असतो ‘कीडाजडी’चा!

नाव काहीही असो, ही ना कीड, ना मुळी. ही आहे एक बुरशी. जमिनीखाली मुळे खाऊन जगणाऱ्या पतंगाच्या अळीला तिची लागण होते. बुरशी अळीला आतून फस्त करते. उरते फक्त कातडे. बर्फ वितळले, की अळीच्या डोक्यातून बोटाएवढा तपकिरी कोंब वर येतो. शास्त्रज्ञ तिला पूर्वी ‘कॉर्डिसेप्स’ कुळातली मानत. २००७ मध्ये जनुकांच्या अभ्यासानंतर तिला ‘ऑफिओकॉर्डिसेप्स’ या वेगळ्या गटात जागा मिळाली.

तिबेटी आणि चिनी वैद्यकात शक्तिवर्धक म्हणून तिला मोठी मागणी आहे. किलोला लाखो रुपये मोजले जातात. काही आठवड्यांच्या कमाईवर अनेक कुटुंबांचे वर्ष निघते.

पण इथेच खरी मेख आहे. कोंब पिकून बीजाणू उधळले, तरच नव्या अळ्यांना लागण होते. भाव मात्र कोवळ्या कोंबाला जास्त. त्यामुळे तो पिकण्याआधीच उपटला जातो. २०२० मध्ये या बुरशीची नोंद जागतिक ‘लाल यादी’त झाली. थोडे कोंब कुरणातच पिकू दिले, तरच पुढच्या मे महिन्यात त्या घरांची चूल पेटेल.