शटरसमोरचा राग

२०१९ च्या दिवाळीच्या तोंडावर गुडविन ज्वेलर्सची दुकाने एकाएकी बंद झाली. डोंबिवली, ठाणे, अंबरनाथ, जिथे जावे तिथे कुलूप. धनत्रयोदशी होती २५ ऑक्टोबरला. महिन्याच्या महिन्याला हप्ते भरून त्या मुहूर्तावर दागिना घ्यायचा, असे अनेक घरांत ठरलेले होते. काहींनी तर बँकेपेक्षा जास्त व्याज मिळते म्हणून त्याच सराफाकडे मुदत ठेवही ठेवली होती. पावत्या घेऊन लोक आधी शटरसमोर जमले, मग पोलीस ठाण्यात.

मालक भावांनी पैसे बुडणार नाहीत, असा निरोप धाडला. दुकाने मात्र उघडली नाहीत. डिसेंबरमध्ये दोघांना ठाण्यात अटक झाली.

गुडविनची दुकाने बंद होण्याच्या महिनाभर आधी, २३ सप्टेंबरला, रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह म्हणजे पीएमसी बँकेवर निर्बंध आणले होते. सुरुवातीला खात्यातून काढता येत होते फक्त १,००० रुपये. बँकेच्या कर्जांतला सिंहाचा वाटा एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे अडकला होता आणि तो दडवला गेला होता. ठेवीदार रिझर्व्ह बँकेच्या दारात, न्यायालयाबाहेर उभे राहिले. अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनाही त्यांनी गाठले.

दोन्हीकडे राग सारखाच, पण जाब विचारायच्या जागा वेगळ्या. पीएमसीवर देखरेख करणारी यंत्रणा होती, ठेवींना विमा होता. फेब्रुवारी २०२० मध्ये ते विमा कवच १ लाखावरून ५ लाखांवर गेले. जानेवारी २०२२ मध्ये बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली; ५ लाखांवरच्या ठेवी मात्र १० वर्षांच्या टप्प्यांत मिळणार, असे ठरले. सराफाकडच्या ठेवीला असा विमा नसतोच.

सराफी योजना बहुधा ११ हप्त्यांच्या का असतात, यामागेही कायदा आहे. कंपनीने मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत मालापोटी वळती झाली नाही, तर ती ठेव ठरते आणि ठेवींचे कडक नियम लागू होतात.

ठेवी बुडवण्याच्या फसवणुकीविरुद्ध महाराष्ट्राने १९९९ मध्येच ठेवीदारांच्या हितरक्षणाचा कायदा केला. बोलीभाषेत ‘एमपीआयडी’. त्यात दोषींना ६ वर्षांपर्यंत कैद आहे, पण ठेवीदाराच्या कामाची तरतूद पुढची: संस्थेची आणि गरज पडल्यास संचालकांचीही मालमत्ता सरकार जप्त करू शकते. विशेष न्यायालयाने जप्ती कायम केली की विक्रीतून आलेला पैसा ठेवीदारांत वाटला जातो. वेळ लागतो, आणि मालमत्ता पुरी पडेलच असेही नाही.

२००८ मध्ये बँका कोसळल्यावर आइसलंडने त्यांतल्या बड्या बँकांच्या प्रमुखांना तुरुंगात धाडले, ते विशेष सरकारी वकील नेमून, एकेक व्यवहार तपासून. आपल्याकडेही खटला उभा राहतो तो कागदपत्रांच्या पुराव्यावरच.

तक्रार कुठे करायची? उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हा सगळा पट्टा ठाणे पोलीस आयुक्तालयात येतो. मोठी प्रकरणे तिथल्या आर्थिक गुन्हे शाखेकडे जातात. तेव्हा दुकान बंद दिसले, तर शटरवर दगड मारण्याआधी आपली लेखी तक्रार नोंदवा. सोबत पावतीची प्रत द्या. मूळ पावती पोलिसांनी मागितली, तर पोच घेतल्याशिवाय सोडू नका.