आईवडिलांस दिलेले भाडे : हिशेब कराचा आणि घराचा

आपल्या मंडळातील पुष्कळ घरे दोन पिढ्यांच्या डॉक्टरांची आहेत. वर राहते घर, खाली वडिलांचा दवाखाना आणि आता त्याच खुर्चीवर बसणारा मुलगा अथवा सून, हे चित्र इंदूरच्या रामबागेत वा लोकमान्य नगरात काही नवे नाही. मार्च महिना जवळ आला की अशा घरांतून एक प्रश्न हमखास निघतो : मुलांनी आईवडिलांना भाडे द्यावे काय, आणि दिल्यास कर किती वाचेल? “जन्मदात्या बापाला भाडे?” असे म्हणून ज्येष्ठ मंडळी कानांवर हात ठेवतात, तर तरुण मंडळी कोऱ्या पावत्यांचे पुस्तकच घेऊन येतात. विषय रुक्ष खरा, परंतु दोन्ही पक्षांनी थोडे थांबून आकडे पाहावेत.

प्रथम कायदा. घर आईवडिलांच्या मालकीचे असेल, मुलगा वा मुलगी तेथे खरोखर राहत असेल आणि भाडे प्रत्यक्ष दिले जात असेल, तर नाते आड येत नाही. पगारदार डॉक्टरास मिळणाऱ्या घरभाडे भत्त्याबाबत तीन रकमा काढतात : मिळालेला भत्ता, दिलेल्या भाड्यातून वेतनाचा दहावा हिस्सा वजा जाता उरणारी रक्कम, आणि इंदूरसारख्या शहरात वेतनाचे ४० टक्के. यांतील सर्वांत लहान रक्कम करमुक्त होते. वेतन म्हणजे येथे मूळ वेतन व निवृत्तिलाभात धरला जाणारा महागाई भत्ता. १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम १० (१३अ) ते हेच. २०२५ चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नासाठी आहे व त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. येथे परिचित असे जुनेच क्रमांक दिले आहेत.

आता उदाहरण. मुलीचे वेतन वर्षाला १२ लाख, भत्ता ३ लाख ६० हजार आणि आईला ती देते महिना २५ हजार, म्हणजे वर्षाचे ३ लाख. त्यातून १ लाख २० हजार वजा करता १ लाख ८० हजार करमुक्त. तीस टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासह ५६,१६० रुपये वाचले, असे समाधान होते. परंतु खरी गोम पुढेच आहे. ही सूट केवळ जुन्या करप्रणालीत मिळते. आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या दरांनी याच मुलीचा कर मोजला आणि तिने कलम ८०सी खाली दीड लाख गुंतवले असे धरले, तरी जुन्या प्रणालीत तिला १,७३,१६० रुपये भरावे लागतात. नव्या प्रणालीत, एकही पावती न जोडता, १,०६,८६०. पावत्या जमवण्याच्या हौसेपायी ६६,३०० रुपयांचा तोटा! पगार २४ लाख ७५ हजार झाला, तर प्रमाणित वजावटीखेरीज आणखी ८ लाखांच्या सुटी व वजावटी दाखवता आल्या तरच जुनी प्रणाली नव्या प्रणालीच्या बरोबरीला येते. पूर्वीच्या सवयीने पावत्या फाडणाऱ्यांनी एवढे तरी पाहावे.

शिवाय आईच्या हाती आलेले भाडे हे तिचे उत्पन्न आहे. महापालिकेचा कर, समजा १० हजार, आणि उरलेल्याचे ३० टक्के वजा जाता ३ लाखांतून २,०३,००० करपात्र ठरतात. करप्रणाली प्रत्येक व्यक्ती स्वतंत्रपणे निवडते. निवृत्तिवेतन, व्याज व हे भाडे मिळून आईचे उत्पन्न १२ लाखांच्या आत राहिले तर २०२५-२६ साठी नव्या प्रणालीत तिला कर नाही. मात्र घर वडिलांचे असेल आणि त्यांचीच प्रॅक्टिस अजून जोरात असून तेही तीस टक्क्यांच्या टप्प्यात असतील, तर त्यांना याच भाड्यावर ६३,३३६ रुपये द्यावे लागतील. म्हणजे एका खिशात वाचले त्याहून अधिक दुसऱ्या खिशातून गेले.

मोठ्या खासगी रुग्णालयांत अनेक तरुण तज्ज्ञांना पगार नव्हे, व्यावसायिक शुल्क मिळते. त्यांना घरभाडे भत्त्याचा प्रश्नच उद्भवत नाही. जुन्या प्रणालीत कलम ८०जीजी आहे, पण त्याची मर्यादा वर्षाला अवघी ६० हजार.

आपल्या वाचकांसाठी अधिक मोलाची गोष्ट निराळीच आहे. दवाखान्याच्या जागेचे भाडे हा व्यवसायाचा खर्च होय, आणि तो जुन्या व नव्या दोन्ही प्रणालींत वजा होतो. जागा वडिलांची व प्रॅक्टिस मुलाची असेल तर ही वजावट तो उघडपणे घेऊ शकतो. (ज्यांनी कलम ४४एडीए प्रमाणे एकूण जमेचा निम्मा भाग नफा म्हणून दाखवला आहे, त्यांना भाडे निराळे वजा मिळत नाही.) भाडे मात्र वाजवी हवे, नातलगाला बाजारभावाहून अधिक दिलेली रक्कम अमान्य करण्याचा अधिकार आयकर अधिकाऱ्यास कलम ४०ए (२) ने दिला आहे. शेजारचा औषधविक्रेता काय भाडे भरतो, हे विचारून ठेवलेले बरे. एका दिवसात १० हजारांवर रोख दिली तर तो खर्च मान्य होत नाही. भाडे महिना ५० हजारांवर गेले की कर कापून भरावा लागतो.

यात कराहून मोठी एक गोष्ट आहे. वडिलांनी मुलाला जागा दिली, रुग्ण दिले, नाव दिले. आणि खासगी डॉक्टरास निवृत्तिवेतन नसते. सत्तरी ओलांडल्यावर नातवाच्या मुंजीतल्या आहेरासाठी मुलापुढे हात पसरणे त्यांना किती जड जाते, हे आम्ही करसल्लागार जवळून पाहतो. दर महिन्याच्या पाच तारखेला खात्यात जमा होणारे भाडे ही कोणाची मेहेरबानी नसते.

म्हणूनच भाडे खरे असावे. आलेले भाडे आठ दिवसांत मुलाच्या खात्यात परत जात असेल तर ते भाडे नव्हे, नाटक होय. केवळ आईवडिलांना पैसे द्यायचे असतील तर भेट द्यावी. त्या भेटीवर त्यांना कर नाही, आणि त्यावरील व्याज मुलाच्या उत्पन्नात मिळवले जात नाही. मुंबईच्या आयकर अपिलीय न्यायाधिकरणापुढे २०१७ साली असेच एक प्रकरण आले होते. आईला रोखीने भाडे दिल्याचे मुलगी सांगत होती. परंतु करारपत्र नव्हते, बँकेतून तेवढी रोकड काढल्याचा दाखला नव्हता, सोसायटीला कळवलेले नव्हते. सूट नाकारली गेली. चुकीची माहिती दिल्याचे ठरले तर बुडालेल्या कराच्या २०० टक्के दंड होऊ शकतो. वर्षाचे भाडे एक लाखावर असेल तर आईवडिलांचा पॅन क्रमांक कचेरीत द्यावाच लागतो, आणि तो दिला की त्यांच्या विवरणपत्रात ते भाडे आहे की नाही हे ताडून पाहणे खात्याला अवघड राहिलेले नाही.

शेवटी मालकीविषयी. आपल्याकडील जुन्या घरांचे कागद अनेकदा आजोबांच्याच नावे असतात. नामांतरण करायचे राहूनच गेलेले असते. घर वडिलांच्या नावे होते, ते मृत्युपत्र न करता गेले आणि मागे आई व तीन भावंडे असली, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे चौघे समान हिस्सेदार होतात. चौथ्या हिश्श्याचा धनी असलेला डॉक्टर पूर्ण जागेचे भाडे आईला दिल्याचे दाखवू शकत नाही. स्वतःच्या हिश्श्याचे भाडे नसतेच, आणि भावंडांच्या हिश्श्याचे भाडे त्यांच्याच नावे द्यावे लागते. त्यातली बहीण अमेरिकेत स्थायिक असेल, तर तिच्या भाड्यातून कर कापताना महिना ५० हजारांची मर्यादाही लागू होत नाही.