देखरेखीच्या यंत्रांना इंटरनेट किती लागते?
आधी हिशेब करा, मग पॅक घ्या

पावसाळ्यात सांगलीच्या बाजारपेठेतील व्यापाऱ्याचे लक्ष दोन आकड्यांकडे असते. सातारा जिल्ह्यातील कोयना धरणातून पाणी किती सोडले आणि आयर्विन पुलाजवळ कृष्णा किती फुटांवर आली? तेथे ४० फूट ही इशारा पातळी, तर ४५ फूट ही धोका पातळी आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. त्या वेळी बाजारपेठेचे काय झाले हे सांगलीकरांना सांगायला नको.

हे आकडे पूर्वी माणूस पट्टी वाचून कळवीत असे. पुढे जलसंपदा विभागाने कृष्णा व भीमा खोऱ्यांत पाऊस व पाणीपातळी आपोआप मोजून पाठविणारी केंद्रे उभारली. अशा एका नोंदीत केंद्राचा क्रमांक, वेळ आणि दोन-चार आकडे असतात. सर्व मजकूर एका पोस्टकार्डावर सहज मावेल.

आता हेच काम आपल्या धंद्यातही आले आहे. तासगावच्या बेदाण्याचे शीतगृह असो, हळदीचे गोदाम असो की कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील वर्कशॉप. तापमान, वीज आणि संगणक यांवर नजर ठेवणारी यंत्रे बसू लागली आहेत. ती बसविताना किमतीची घासाघीस होते, पण इंटरनेट किती लागेल हे सहसा कोणी विचारीत नाही. मग पॅक महिनाअखेरीपूर्वी संपतो आणि नेमक्या गरजेच्या वेळी सूचना येत नाही.

हिशेबाची रीत

हा हिशेब तीन आकड्यांचा गुणाकार आहे. एका निरोपाचा आकार, दिवसातील निरोपांची संख्या आणि यंत्रांची संख्या.

समजा, शीतगृहात १२ खोल्या आहेत आणि प्रत्येक खोलीतील यंत्र दर मिनिटाला तापमान कळविते. दिवसाची मिनिटे १४४०. नोंद, तिच्यावरचा पत्ता आणि पलीकडून येणारी पोच मिळून ५०० बाइट धरू. १२ गुणिले १४४० गुणिले ५०० म्हणजे दिवसाला सुमारे साडेआठ एमबी आणि महिन्याला सुमारे २६० एमबी. हा खर्च कोणालाही परवडेल.

परंतु येथे एक मेख आहे. काही यंत्रे प्रत्येक निरोपासाठी सुरक्षित जोडणी नव्याने उघडतात. पत्रापेक्षा लिफाफाच जड व्हावा तसा हा प्रकार असतो. अशा वेळी निरोप ५०० बाइटचा न राहता ६,००० बाइटचा झाला, तर तोच खर्च महिन्याला ३ जीबीच्या पुढे जातो. उपाय दोन आहेत. जोडणी उघडी ठेवणारे यंत्र घ्यावे, नाहीतर दर मिनिटाऐवजी दर ५ मिनिटांनी निरोप पाठवावा. बंद खोलीचे तापमान मिनिटामिनिटाला फारसे बदलत नाही.

खरा खाऊ कॅमेरा

कॅमेऱ्याचा वेग मेगाबिटमध्ये सांगितला जातो, पॅक मात्र गिगाबाइटमध्ये मिळतो. ८ बिट मिळून १ बाइट होतो, हे ध्यानात ठेवावे. १ मेगाबिट वेगाचा एकच कॅमेरा अखंड बाहेर चित्र पाठवीत राहिला, तर दिवसाला १० जीबीहून अधिक डेटा जातो. रोज दीड जीबीचे सिम त्याला साडेतीन तासही पुरणार नाही. म्हणून चित्रीकरण दुकानातील यंत्रातच साठवावे आणि पाहायचे असेल तेव्हाच बाहेरून पाहावे.

सरासरीवर विसंबू नका

वीज जाऊन परत आली की सारी यंत्रे एकदमच जागी होतात आणि साठलेल्या नोंदी पाठवू लागतात. लाइन तुंबते ती याच वेळी. प्रत्येक यंत्राची पाठविण्याची वेळ थोडी पुढेमागे ठेवावी. यंत्रातील सॉफ्टवेअर परस्पर नवे होत असेल, तर तो भारही धरावा.

कागदावरचा आकडा पडताळून पाहणे सोपे आहे. एकच यंत्र २४ तास चालवावे, राउटरवर किंवा सिमच्या खात्यात खर्च पाहावा, यंत्रांच्या संख्येने गुणावे आणि त्याच्या दुप्पट तरतूद करावी.

धोक्याच्या सूचनेसाठी एसएमएसची सोयही असू द्यावी. त्याला इंटरनेट लागत नाही. मात्र एका एसएमएसमध्ये मराठीची ७० अक्षरचिन्हेच मावतात, तेव्हा मजकूर थोडका ठेवावा.

यंत्र विकत घेताना व्यापारी बंधूंनी विक्रेत्याला तीन प्रश्न विचारावेत. निरोप किती बाइटचा, किती वेळाने जातो आणि जोडणी दर वेळी नवी उघडते काय? उत्तरे बिलावर लिहून घ्यावीत. ज्याला ती देता येत नाहीत, त्याच्याकडून खरेदीची घाई करू नये.