खिदमतीलाही तालीम लागते

दादीला पक्षाघात झाला की घरातल्या एका बाईचं आयुष्य त्या खाटेला बांधलं जातं. नंदुरबार, शहादा, नवापूर, अक्कलकुवा, कुठेही जा. वृद्धांना घरीच सांभाळतो याचा आपल्याला अभिमान आहे, आणि असावाच. पण खिदमत करणारीची कंबर, झोप आणि मिजाज यांचं काय होतं, हे आपण विचारत नाही. ती चिडली की म्हणतो, सबर नाही. आमच्या मते सबर असतो, तालीम नसते.

गोव्यात हे तपासून पाहिलं गेलं. डॉ. अमित डायस व सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या 81 कुटुंबांचा अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध केला. स्थानिक सल्लागारांना आठवडाभर प्रशिक्षण देऊन घरोघरी पाठवलं होतं. हा आजार काय, म्हातारं माणूस हट्टाला पेटलं तर कसं वागावं, हे त्या समजावत. सहा महिन्यांत आजार बरा झाला नाही, पण सांभाळणाऱ्यांचा मानसिक ताण कमी झाला.

शिकायचं तरी काय? दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. उचलताना कंबरेत न वाकता गुडघ्यात वाकायचं. रुग्णाखाली दुहेरी चादर घातली तर दोघं मिळून सहज सरकवतात. भरवताना बसतं करायचं आणि जेवणानंतर अर्धा तास तसंच ठेवायचं, म्हणजे ठसका लागत नाही. अब्बू दहाव्यांदा ‘असर झाली का?’ विचारतात, तेव्हा ‘आत्ताच सांगितलं ना!’ म्हणून उपयोग नाही. ते खरंच विसरलेले असतात. वुजू झेपत नसेल तर तयम्मुमची माती उशाशी ठेवावी.

आई-वडिलांना ‘उफ’ही म्हणू नका, हा सूरह बनी इसराईलमधला हुकूम आपण सुनेला ऐकवतो. तो आहे मुलांना! सासू-सासऱ्यांची खिदमत सुनेवर फर्ज नाही. ती करते तो तिचा एहसान. म्हणून चादर सरकवायला आधी मुलानं शिकावं.

महिलांच्या इज्तिमात एखाद्या अनुभवी परिचारिकेला तासभर बोलवा. एक खाट, दोन चादरी पुरतील. पुरुषांसाठी दुसरा तास ठेवा, जुम्याच्या नमाजनंतर.